तिसऱ्या थांब्यावरचा फोटो

पुणे, २ डिसेंबर २०२४

ती. दिवाकरदादास,
साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी टॅक्सीत बसून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.)

तुझ्या नियमाप्रमाणे कागदावर लिहिते आहे. फोनवर मी एका वेळी तिघांशी बोलते असं तू म्हणतोस, ते खरं आहे.

आमची कंपनी जानेवारीत भिलाईला एक मजेची दौड करतेय. स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. विषय आहे पंचमहाभूतं. कल्पना माझी आणि पाप तुझं, कारण दहावीला संस्कृत तूच शिकवलंस. पळणारे तेज, वायू, जल आणि आकाश असे वाटून घेतलेत. चालणाऱ्यांचा गट पृथ्वी. ज्याला जसं नटायचं तसं त्याने नटायचं. इथे कुणी कुणाला हसत नाही, कारण सगळेच विचित्र दिसत असतात.

प्रत्येक गटाला एक पेसर लागतो. त्याने झेंडा धरून पुढे चालायचं आणि ठरल्या वेळेत सगळ्यांना शेवटपर्यंत न्यायचं. कुणाला मागे टाकायचं नाही, कुणाला दमवायचं नाही. पाच किलोमीटर, सव्वा तास, मधे फोटोसाठी तीन थांबे. पृथ्वीचा पेसर तू.

नाही म्हणायच्या आधी ऐक. रस्ता तुमच्या सेक्टर १० मधूनच जातो. तुझी सकाळी फिरणारी मंडळी आयतीच आहेत. शेजारच्या सुनिताताईंना तर आणच. मागच्या वर्षी तू त्यांच्याबद्दल लिहिलेलं पत्र मी अजून जपून ठेवलंय.

माणिकवहिनींना नमस्कार.
तुझी,
वैभवी

*

भिलाई, १४ डिसेंबर २०२४

चि. वैभवीस,
अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे हातचे राखले आहेत, दौड सुखरूप झाली की देईन.

मामांच्या मुलीने मागितलं आणि मी नाही म्हटलं असं आजवर झालेलं नाही, हे तुला ठाऊक आहे आणि तू त्याचा पुरेपूर उपयोग करतेस. शाळेतली मुलं मला आडून ‘अव्यय’ म्हणतात, कारण माझ्यात कशानेच काही बदल होत नाही. त्या अव्ययाच्या हाती तू झेंडा दिलास.

सराव सुरू केला आहे. फोटोसाठी थांबायचं तर ती वेळ मधल्या चालण्यातून काढावी लागते, हे माणिकने समजावून दिलं. स्टील प्लांटच्या अकाउंट्समध्ये तिचा जन्म गेला. तिच्या मते जगात फुकट थांबता येत नाही. घड्याळ बघत चालणं मला जमत नाही, म्हणून मनात मंदाक्रांतेतले श्लोक म्हणतो. तिच्या नावातच हळू पाऊल आहे. कवींनी तिला उगीच विरहाला जुंपली, ती मूळची गुडघेदुखीची चाल असावी. घाई करायची झाली तर भुजंगप्रयात.

मंडळी तयार आहेत, सुनिताबाई सोडून. तुला सगळं माहीतच आहे, तरी पुन्हा सांगतो. दोन वर्षांपूर्वी तोंडावरून लकवा गेला आणि चेहऱ्याची डावी बाजू खाली ओढली गेली. त्याआधी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीत स्टेजवर हिच्याशिवाय गाणं सुरू होत नसे. तेव्हापासून तोंडापुढचा पदर हटलेला नाही. लेकीच्या, खुशबूच्या, लग्नाच्या अल्बममध्ये आईचा एकही फोटो नाही. एका फोटोत नुसता हात आहे, अक्षता टाकणारा.

कुंपणापाशी विषय काढला.

“मले नका ओढू त्यात, सर. तिथं फोटो काढतीन.”

“गर्दीतले फोटो, सुनिताबाई. त्यात तोंडं मोहरीएवढी दिसतात.”

“मोहरीतही माह्यंच तोंड दिसते लोकाईले. पाह्यतेत, थांबतेत, अन् मंग झाडाकडं पाह्यतेत.”

तिचा नवरा प्रफुल सेकंड शिफ्टला निघाला होता. सायकल धरून म्हणाला, “न्या तुम्ही तिले. आरशावर टॉवेल टाकून ठेवते. मले दाढी करतानी रोज काढा लागते.”

“तुले कोणी विचारलं? ड्युटीवर जाय.”

मग बराच वेळ तिने गवारीच्या शेंगा मोडल्या आणि एकच प्रश्न विचारला: “फोटो काढले तं ते जातीन कुठं?”

हे मला कळव. मी तिला शब्द देईन तो तुझ्या शब्दावर देईन.

तुझा,
दिवाकरदादा

*

पुणे, २४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. नमस्कार.

फोटो कुठे जाणार? ज्याचे त्याला. आठवण म्हणून. त्यांना म्हणावं, निर्धास्त या. सगळ्यांची नोंदणी तूच करून टाक, बायकांना फोनवर ते जमत नाही. खाली एक चौकोन येईल, त्यात टिक कर की पुढे जातं.

तिसरा थांबा तुमच्या सेक्टरातल्या मोठ्या शिरीषापाशी आहे. सकाळी तिथे ऊन अगदी समोरून येतं. सुनिताताईंना मधे उभं कर, कडेला नको. कडेची माणसं फोटोत कापली जातात.

वैभवी

*

भिलाई, २१ जानेवारी २०२५

चि. वैभवीस,
राखून ठेवलेले निम्मे आशीर्वाद या पत्रासोबत पोचते करत आहे. कमी पडले तर कळव.

तू स्वतः आली नाहीस, ऐनवेळी काम निघालं, तेव्हा तुझ्या पृथ्वीचं वर्णन ऐक. माणिकने डोक्यावर मातीची रिकामी कुंडी घ्यायचं कबूल केलं होतं. दौड सुटणार त्या सिव्हिक सेंटरला पोचेपर्यंत ती माझ्या डोक्यावर होती. प्रफुलने प्लांटचं हेल्मेट चिखलाने लिंपलं होतं. तेजाची मुलं अंगाला लाल पन्न्या चिकटवून सळसळत होती, वायूवाल्यांनी पाठीला कागदी पंखे बांधले होते. शिटी झाली तशी चार महाभूतं दिसेनाशी झाली आणि पृथ्वी बुटांच्या नाड्या बांधत बसली. न्यायशास्त्रात पृथ्वीचं लक्षण गंध असं सांगितलंय. पहिल्या किलोमीटरनंतर आमच्या गटाने ते निर्विवाद सिद्ध केलं.

सुनिताबाई आली. तुझा शब्द मी तिला जसाच्या तसा सांगितला होता: ज्याचा फोटो त्याच्यापाशी. पहिल्या थांब्यावर ती माझ्या झेंड्यामागे उभी राहिली, इतकी नीट की झेंड्याला पाय फुटल्यासारखे दिसले असतील. दुसऱ्या थांब्यावर तिने सगळ्यांच्या पिशव्या आणि चष्मे सांभाळायचं काम काढलं. पण दोन्हीकडे प्रत्येकाला ‘अजून एक, माझे डोळे मिटले’ करून फोटो हवे होते आणि आम्ही पार मागे पडलो. मी भुजंगप्रयात सुरू केला, तोही मोठ्याने. मागून आवाज आला, “सर, तुमच्या मंत्रानं कोणी चालत नाही. बंद पडलेली गाडी ढकलल्यासारखं वाटून राहिलं.”

आणि मग तिनेच गाणं धरलं, जयंतीतलं. आधी पदराच्या आतून. मागच्या बायकांनी उचललं, पावलं त्यात पडायला लागली. ठेक्याला टाळी हवी, टाळीला दोन हात हवेत, आणि पदर धरायला तिसरा हात नव्हता. पदर खांद्यावर गेला तो तिथेच राहिला. मी झेंडा घेऊन पुढे होतो पण वेग माझा नव्हता. पेसर कोण होतं ते तुझ्या कागदोपत्री दुरुस्त करून घे.

शिरीषापाशी तुझा फोटोवाला मुलगा उभा होता. आम्ही पोचतो न पोचतो तोच त्याने हाक मारली, “सुनिताताई, जरा मधे या. हो, तुम्हीच.” नावाने हाक मारली, वैभवी. दोन वर्षांत परक्या माणसाने तिच्याकडे बघून नजर फिरवली नाही असं पहिल्यांदा झालं असेल. तू त्याला आधीच सांगून ठेवलं असशील. पुण्यात राहून तुझं मन भिलाईचंच राहिलं याचा मला अभिमान वाटला.

ती हसली. अर्धंच हसू, उजवीकडचं, पण त्यात काही कमी नव्हतं. प्रफुल हेल्मेट काढून बघत राहिला, चिखल कपाळावर ओघळला तरी त्याला कळलं नाही.

वेळेत पोचलो. घरी जाताना ती म्हणाली, “यंदा चौदा एप्रिलले म्हणीन एखादं. प्रॅक्टिस झालीच आहे.”

दिवाकरदादा

*

पुणे, १० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. नमस्कार.

घाईत आहे. सुनिताताईंचा फोटो मोठा करून पाठवते आहे, त्यांना दे. इथे सगळ्यांना फारच आवडला. तुझं पत्रही.

वैभवी

*

भिलाई, १२ मार्च २०२५

चि. वैभवी,
आशीर्वाद.

फोटो तिने काचेच्या कपाटात, खुशबूच्या लग्नाच्या फोटोशेजारी ठेवला. म्हणाली, “आता लग्नात मी पण आली.” आरशावरचा टॉवेल निघाला, हे प्रफुलने मला वेगळं बोलावून सांगितलं.

परवा शाळेतून येताना सेक्टरच्या चौकात मान वर केली तर तोच फोटो. दोन मजली. आम्ही सगळे कापलेले, एकटी तीच. खाली कोपऱ्यात मातकट रंगाचा एक तुकडा आहे, तो माझा झेंडा. विम्याची जाहिरात आहे. चेहऱ्याशेजारी हिंदीत लिहिलंय: ‘कल यह आप भी हो सकते हैं।’

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. एका शिष्याने मागून येऊन विचारलं, “सर, रस्ता पार करा दूँ?”

घरी आलो तर प्रफुल पायरीवर बसला होता. “सर, ऑटोच्या मांगंही लावलं आहे. दुर्ग स्टेशनावर उतरलो तं समोर हीच. ऑटोवाला म्हणते, बसा. मी कसा बसू? पायीच निघालो.”

ती आत उभी होती, पदर तोंडावर. “सर, तुम्ही म्हणलं होतं, ज्याचा फोटो त्याच्यापाशी.”

मी म्हटलं, “माझ्या बहिणीचा यात हात नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो. कुणीतरी तिच्या ऑफिसातून हा फोटो चोरला आहे.” तिने ते ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही.

ज्याने चोरला त्याचं नाव कळव. पुढचं पत्र त्याला लिहीन, आणि तेव्हा माझा विनोद घरी ठेवीन.

दिवाकरदादा

*

पुणे, २२ मार्च २०२५

ती. दादास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण थोडं समजून घे. नोंदणी करताना खाली जो चौकोन येतो त्यात फोटो वापरायची परवानगी असते, सगळ्याच दौडींत असते. त्यामुळे कायद्याने कुणी काही चुकीचं केलेलं नाही. जाहिरातीतलं वाक्य कोण लिहितं, तेही आमच्या हातात नसतं. आणि खरं सांगू, त्या फोटोत त्या सुंदरच दिसतात. हे तूच लिहिलं होतंस.

कंपनीतर्फे त्यांना काही मानधन मिळावं म्हणून मी प्रयत्न करतेय. लोक विसरतात, दादा. महिन्याभरात तिथे दुसरं काहीतरी लागेल.

वैभवी

*

भिलाई, १ एप्रिल २०२५

वैभवी,

मी तुला चोराचं नाव विचारलं होतं. तू मला चौकोनाचा अर्थ सांगितलास. त्या चौकोनात टिक मी केली होती, तिच्या नावापुढे, तुझ्या सांगण्यावरून. बावीस वर्षं मुलांना सांगतोय की वाचल्याशिवाय सही करू नका.

मानधनाचं मी तिच्यापाशी बोललो नाही. तेवढं तरी मला कळतं.

खुशबूचा रायपूरहून फोन आला होता. ती आईशी हिंदीतच बोलते. “मम्मी, मेरे ऑफिस के ग्रुप में किसी ने डाला है. मैं क्या बोलूँ, ये मेरी मम्मी है?” सुनिताबाईने हे मला रडत सांगितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. तिने गवारीच्या शेंगा मोडत सांगितलं. मग मान वर न करता म्हणाली,

“एक विचारू का, सर? त्या पोराले माहं नाव कसं मालूम होतं?”

“वैभवीने सांगितलं असेल.”

“तुमच्या बहिणीनं मले कधी पाह्यलं?”

“नाही पाहिलं.”

“मंग तिनं काहून सांगितलं? एवढ्या जणी होतो आम्ही. राधाबाईचं नाव नाही घेतलं त्यानं, तुमच्या मॅडमचं नाही घेतलं. माह्यंच घेतलं. मले वाटलं, कोणी तं आपल्याले बरोबर वळखते.”

 कुंपणाला हात धरून उभा राहिलो.

त्या हाकेचं मी तुझ्याजवळ कौतुक केलं होतं. ते पत्र परत मागावंसं वाटतंय.

तिने गाण्याचं सोडून दिलं. जयंतीच्या कमिटीवाले देवाजी दोनदा येऊन गेले, ती दोन्ही वेळा मागच्या दाराने बाहेर पडली. सकाळी मी एकटाच फिरतो. बाकीच्या बायकाही येत नाहीत. रस्त्यात भेटल्या की नमस्कार करतात आणि माझ्या हातांकडे बघतात, त्यात कॅमेरा नाही ना याची खात्री करून घेतात. प्रफुल बोलतो, पण ‘सर’ म्हणायचं टाळतो. चौक चुकवायला मी बाजाराच्या मागून जातो, तिथे ऑटो उभे असतात.

एकच विचारतो, आणि यावेळी सरळ उत्तर दे. तुला आधी दौड सुचली की आधी सुनिताबाई?

दिवाकर

*

पुणे, ८ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. नमस्कार.

आधी त्या.

ऑक्टोबरमध्ये विमा कंपनीची माणसं जाहिरातीसाठी आमच्याकडे आली होती. त्यांना खरा चेहरा हवा होता. मॉडेल्सना मेकअप करून पाहिला, तो खोटाच दिसत होता. मला तुझं पत्र आठवलं. मी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. अल्बमचा भाग, अक्षता टाकणारा हात, सगळं. आधी तुझ्या विनोदांना हसले, मग तो अल्बमचा भाग पुन्हा वाचायला लावला. आमचे साहेब म्हणाले, हीच बाई पाहिजे. त्यांना सरळ विचारलं तर त्या नाही म्हणतील, हे तुझ्या पत्रावरूनच कळत होतं. दौड नागपूरला व्हायची होती. ती भिलाईला मी नेली. झाड, ऊन, थांबा, नाव, सगळं मी सांगितलं होतं. काम निघालं म्हणून आले नाही असं नव्हतं. तुझ्यासमोर उभं राहायला जमलं नसतं.

ते वाक्य मात्र खरंच माझं नाही. मला वाटलं होतं, काहीतरी चांगलं लिहितील. ते नुसतं बघून मीही गप्प बसले, हेही खरं.

सगळे बोर्ड उतरवायला लावले आहेत. त्यासाठी भांडले, बढती गेली. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. कदाचित त्यासाठीच लिहीत असेन.

तू मला रागाव, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस. तुझ्या पत्रांतली माणसं हीच माझी उरलेली भिलाई आहे. आणि चौदा तारखेला काय झालं ते नक्की कळव. त्या गायल्या का?

तुझी,
वैभवी

*

भिलाई, २० एप्रिल २०२५

सौ. वैभवीताई दाणी यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. पत्रं थांबवू नयेत अशी आपली इच्छा आहे. थांबवत नाही. मामांना दिलेला शब्द आहे. मात्र यापुढे त्यांत माणसं नसतील. ऊन, झाडं आणि भाजीचे भाव यांत कुणाला दाखवण्यासारखं काही आढळलं तर आपण खुशाल वाचून दाखवावं.

ऊन चढलं आहे. कूलरला नवं वाळ्याचं गवत घातलं. दोन दिवस प्लांटच्या चिमण्यांचा धूर दुर्गच्या बाजूला झुकतो आहे. गवार महागली आहे. शिरीष फुलला असून त्याच्याखालचा रस्ता पिवळट दिसतो. चौकातला बोर्ड उतरला. लोखंडी सांगाडा रिकामा आहे, त्यावर पारवे बसतात.

झेंडा धुऊन, घडी करून वेगळ्या टपालाने पाठवला आहे. मिळाल्याची पोच द्यावी.

चौदा तारखेला मैदानावर मांडव होता. गाणी झाली. कोण गायलं आणि कोण नाही, ते मला माहीत आहे.

कळावे,
दिवाकर मोघे